पहिल्या बाजूची साखर

आई,

तुला एकच विचारायचं आहे. पंख्यावाल्या अल्बमची पहिली बाजू संपल्यावर दादाच्या कॅसेटमध्ये तू पुढे काय भरलं होतंस? बाकी जे लिहिते आहे ते सगळं या एका प्रश्नाच्या आजूबाजूचं आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, मग सरळ विचार की, एवढं पुराण कशाला. पण तू नाहीस, आणि तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझे केस तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या केसांपेक्षा जास्त पिकलेत. आज आपण दोघी शेजारी उभ्या राहिलो तर लोक मलाच थोरली म्हणतील. तेव्हा या वेळी मी बोलणार आणि तू ऐकणार.

दादाला तोंडाचा कॅन्सर झाला. गुटखा, दुसरं काय. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायला लागला तेव्हापासून लग्नसराईत पहाटेपर्यंत स्टेजवर उभा, आणि डोळा लागू नये म्हणून गालात ती पुडी. मी किती भांडले असेन त्याच्याशी. हसून म्हणायचा, अगं, सोडतोच आहे. ऑपरेशनमध्ये त्याचा अर्धा जबडा गेला आणि जीभ जवळजवळ सगळी. बोलणं बंद, गिळणं बंद, नाकातून नळी. मधले काही महिने बरे गेले असं आम्ही म्हणायचो, म्हणजे काय बरे, तो आरशाकडे पाठ करून बसायचा आणि वहिनी नळीतून डाळीचं पाणी सोडायची. मग ते दुखणं मानेत परत आलं. डॉक्टरांनी वहिनीला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की आता घरी घेऊन जा. हरिशंकरपुरममधल्या त्याच्या घरी पुढच्या खोलीत पलंग लावला, आणि मी रोज घरचं आवरून तिथे जायला लागले.

काही सांगायचं असलं की तो पाटीवर लिहायचा. पांढरी पाटी, पेनने लिहायचं, फडक्याने पुसायचं. बहुतेक हिंदीतच लिहायचा, कारण वहिनी हिंदी घरातली, आणि खरं सांगू का, आपल्या सगळ्यांचंच मराठी आता अर्धं हिंदी झालंय. पुण्याची माझी जाऊ मी तोंड उघडलं की हसायला लागते. तर एक दिवस मी पोचले तेव्हा वहिनी दारातच उभी. "दीदी, ये सुबह से शक्कर माँग रहे हैं," ती म्हणाली, "और देती हूँ तो मुँह फेर लेते हैं." पाटीवर मराठीत लिहिलं होतं, साखर. एवढं मराठी तिला संसारात आलंय. बिचारीने कापसाचा बोळा साखरेच्या पाण्यात भिजवून त्याच्या ओठांना लावून पाहिला होता. मलाही दुसरं काही सुचलं नाही. मी म्हटलं, अगं, साखर घेऊन तो करणार काय, चव कळायला जीभ कुठे आहे. त्याच्या देखत म्हटलं. त्याने पाटी पुसली, एक गोल काढला आणि आत पाती काढली. पंखा. मी उठले आणि भिंतीवरचं बटण फिरवून पंखा वाढवला. त्याने पाटी पलंगावर अशी आपटली की पेन उडून कपाटाखाली गेलं. ते मीच वाकून काढून दिलं, आणि मग त्याने पंख्याशेजारी लिहिलं, आईची. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं, तो कोणती साखर मागतोय ते.

वहिनीला समजावताना माझी दमछाक झाली. तुला तर सगळं ठाऊकच आहे, तरी लिहिते, कारण लिहिताना तू समोर दिसतेस. शिंदे की छावनीतलं आपलं ते अंधारं स्वयंपाकघर. बाबा गेल्यावर मामाने आपल्या हाताला काम दिलं ते असं. माधवगंजात त्याचं कॅसेट भरून देण्याचं दुकान, आणि शेजारी तांबटांची दिवसभर ठोकाठोक. रेकॉर्डवरची सुई सारखी उड्या मारायची. म्हणून इंग्लिश रेकॉर्डींचं काम त्याने तुझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं. भांड्यांच्या फळीखालच्या कडप्प्यावर एका बाजूला रेकॉर्ड प्लेअर, एका बाजूला कॅसेट भरायचा डेक, मध्ये तुझा पोळपाट. तू रेकॉर्ड कडेने धरतेस, मलमलीच्या तुकड्याने पुसतेस, सुई अलगद टेकवतेस आणि डेकची दोन बटणं एकदम दाबतेस. मग बाजू संपेपर्यंत घरात कुणी धावायचं नाही, दार आपटायचं नाही, खलबत्ता उचलायचा नाही. मिक्सर लावला की टेपवर घर्र उमटतं, म्हणून वाटणही नाही. भाजी निवडायची, तांदूळ पाखडायचे, नाहीतर गप बसायचं. तुझे हात कणकेत असायचे आणि डोळे डेकच्या काट्यावर, तो लाल पट्ट्यात गेला की आवाज फाटतो म्हणून. आणि मधेच लाइट गेली की तू कपाळाला हात लावायचीस, आवाज लांबत लांबत रेड्यासारखा होऊन बंद पडायचा, आणि लाइट आली की बाजू पहिल्यापासून. आपल्याकडे लाइट जायला काही कारण लागत नसे.

त्या रेकॉर्डी दिल्लीहून यायच्या, नाहीतर कुणाचा तरी काका परदेशातून आणायचा. कॅसेट भरून घ्यायला यायची ती कॉलेजच्या होस्टेलमधली पोरं. नावं तुला वाचता येत नव्हती, म्हणून तू कव्हरावरच्या चित्राने ओळखायचीस. छत्रीवाली. भिजलेल्या कुत्र्याची. लाल जीपवाली. पुढे पुढे मामाही दुकानात तसंच बोलायला लागला. आणि त्या संगीताचे तुझे दोनच प्रकार होते, तिखट आणि गोड. गिटारी करकरत, ढोल बडवत जे यायचं ते तिखट. लगेच ओठांवर येणारं, पोरीबाळींना गुणगुणायला बरं ते गोड. पोरं त्याला रॉक म्हणत आणि पॉप म्हणत, आणि कोणतं खरं यावर दुकानात भांडत. तू म्हणायचीस, नुसतं तिखट घशाखाली उतरत नाही आणि नुसत्या गोडाने मळमळतं, जमली पाहिजे ती चिंचगुळाची आमटी. अशी आमटी फार थोड्या रेकॉर्डींना जमली होती तुझ्या मते. त्यात पहिली पंख्यावाली.

तिच्या कव्हरवर एक टेबलफॅन होता, रिकाम्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून ठेवलेला. अजून डोळ्यांसमोर आहे. पहिलं गाणं सुरू व्हायचं ते अशा गिटारने की कुणी जळकी कढई घासतंय, आणि तू म्हणायचीस, थांबा, आता बघा. आणि त्या घासण्याच्या वर एक चाल यायची, इतकी साधी की शेजारचं रांगतं मूलसुद्धा मान हलवायचं. चौथ्या गाण्यात सगळे वाजवणारे बाजूला व्हायचे, नुसता गळा आणि मागे पेटीसारखं काहीतरी. आणि पहिल्या बाजूचं शेवटचं, लांबलचक, त्यात सगळंच एकावर एक चढत जायचं, तिखटावर गोड, गोडावर तिखट, आणि ऐन भरात कापल्यासारखं थांबायचं. हल्ली मोबाईलवर लोक मोठमोठ्या याद्या करतात, रॉक आणि पॉप एकत्र आणणारे थोर अल्बम कोणते म्हणून. मी बघते. पंख्यावाल्याचं नाव कुणी घेत नाही. मला राग येतो, आई. कुणाला सांगणार, म्हणून तुला सांगते.

दादा तेव्हा नववी-दहावीत. त्याला तिसरं गाणं फार आवडायचं, आणि एकदा तू पाणी भरायला गेलेली असताना त्याने टेप पळवून पळवून तेवढंच लावलं. तू भरलेली कळशी खाली ठेवलीस आणि बटण बंद केलंस. "भातावरचं तूप चाटून ताट सरकवतोस?" एवढंच म्हणालीस. पण त्या दिवशी त्याला अख्खा अल्बम बसून ऐकायला लावलास, पहिल्यापासून, हाताची घडी घालून, आणि तो रडत रडत ऐकत होता. त्यानंतर त्याने आयुष्यात कधी गाणं पळवलं नाही. ऑर्केस्ट्रात लोक फर्माइश करायचे, तेवढा मुखडा वाजवा म्हणायचे, तर हा तोंड वाकडं करून मला येऊन सांगायचा.

आणि साखर. साठाच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची, आणि रेकॉर्डची बाजू त्याच्या बरंच आधी संपते. उरलेली फीत कोरी जायची. सगळीकडे तशीच जायची. पण तू ज्या घरातली, तिथे शेजारणीची वाटी कधी रिकामी परत गेली नाही. पलीकडच्या भाभी कढी पाठवायच्या, गट्ट्यांची भाजी पाठवायच्या, आणि वाटी परत नेताना मला तू थांबवायचीस. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर. तेच तू कॅसेटला लावलंस. उरलेल्या फितीत दुसऱ्या एखाद्या रेकॉर्डीमधलं एखादं गाणं भरायला लागलीस, त्या अल्बमच्या शेवटाला शोभेल असं. शेवट तिखट असेल तर गोड, गोड असेल तर तिखट. मामाला कळलं तेव्हा तो आपल्या स्वयंपाकघरात उभा राहून वैतागला होता.

"ताई, पुढची फीत कोरी सोडून दे. त्याने अल्बम मागितला, अल्बम दिला. बात खतम."

"रिकामं कसं परत देऊ?"

"अगं, वाटी आहे का ती?"

"कोरी कॅसेट त्यानेच आणून दिली ना? मग त्याचंच भांडं झालं," तू म्हणालीस. "साखर तरी घालायला नको?"

मामा हरला. आणि झालं उलटंच, पोरं दुकानात येऊन म्हणायला लागली की आंटीवाली कॅसेट भरून द्या. तुझी साखर त्यांना अल्बमचाच भाग वाटायची. आपल्या दादालासुद्धा वाटायची, घरात डोळ्यांदेखत भरली जात असून. कॉलेजात गेला तेव्हा बाहेरगावच्या पोरांशी पैज लावून बसला की भिजलेल्या कुत्र्याचा अल्बम अमुक गाण्यावर संपतो. त्यांच्याकडे खरी रेकॉर्ड होती. दिवसभर हसले त्याला. घरी आला तो फुरंगटून, जेवला नाही. तू त्याच्या पानात आमटी वाढलीस आणि म्हणालीस, त्यांचा अपुरा आहे. तुझं हे उत्तर तो पुढे सगळ्यांना सांगत फिरायचा.

आता ते लिहायचं जे मला लिहायचं नाही. छातीतली गाठ तू किती दिवस पदराखाली लपवलीस हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. आम्हाला कळलं तेव्हा अस्पतालात नेऊन उपयोग नव्हता, तरी नेलं. परत आलीस तेव्हा तुझा उजवा हात सुजून वर होत नव्हता. तरी तू कडप्प्यापाशी स्टूल ओढून बसायचीस. डाव्या हाताने सुई ठेवायचीस, आणि एकदा ती हातातून सुटून रेकॉर्डवर ओरखडा उठला तेव्हा तू रडलीस. दुखण्याने कधी रडली नव्हतीस. त्याच दिवसांत तू दादासाठी पंख्यावाली भरलीस, त्याची स्वतःची म्हणून. आधी भरलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या. आपल्या घरात स्वतःची अशी एकही कॅसेट नव्हती. डबीवर तू पंखा काढला होतास, तीन पात्यांचा, वाकडा. ती त्याला दिलीस तेव्हा म्हणालीस, पुढे पळवू नकोस. मग उन्हाळा लागला, आणि लूच्या झळा सुरू झाल्या त्या आठवड्यात तू गेलीस. तुझं तेरावं झालं तसं मामाने मशीन उचलून नेलं. कडप्प्यावर त्याच्या पायांचे चार गोल डाग राहिले, ते मी राखेने घासून काढले.

ती कॅसेट दादाजवळ बरीच वर्षं होती. फीत कुठे झिजली, कुठे सुरकुतली, तरी वाजायची. मग एकदा ऑर्केस्ट्राच्या गाडीत काचेजवळ राहिली, आपल्याकडच्या मे महिन्यात, आणि पापडासारखी वाकली. त्याने मला दाखवली होती. म्हणाला, जाऊ दे, मला पाठ आहे. मला पाठ नव्हती. मी तेव्हा माझ्या संसारात, मी ती कॅसेट ऐकली ती पलीकडच्या खोलीतून, काम करता करता. दुसऱ्या बाजूची साखर मला नीट आठवते, छत्रीवालीमधलं ते शीळ घातलेलं गाणं. पहिल्या बाजूची आठवत नाही.

तर हे सगळं त्या पलंगावर बसून तो मागत होता. मी मोबाईलवर शोधलं. कव्हरच्या चित्रावरून शोधायला वेळ लागला, पण सापडली पंख्यावाली, तोच टेबलफॅन, तीच खिडकी. मी फोन त्याच्या उशीशी ठेवला. पहिलं गाणं लागलं, कढई घासायला सुरुवात झाली, आणि आई, त्याच्या उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर जे आलं ते तू बघायला हवं होतंस. सगळी गाणी त्याने डोळे मिटून ऐकली. शेवटचं चढत गेलं, कापल्यासारखं थांबलं, आणि मोबाईलला काय, त्याने श्वास न घेता दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं सुरू केलं. दादाने हात वर केला. मी बंद केलं. त्याने पाटीकडे बोट केलं, मी दिली, आणि त्याने परत लिहिलं, साखर.

मी काय काय लावून पाहिलं. छत्रीवाली शोधली, लाल जीपवाली शोधली, तुझ्या फळीवरची जी जी आठवली ती शोधली, आणि रोज पहिली बाजू संपली की त्यातलं एक एक लावायचे. तो मान हलवायचा, नाही. त्याची मान हलवायची ताकदही कमी व्हायला लागली, नुसते डोळे मिटायचा, नाही. मी इरेला पेटले होते. मला वाटत होतं, एवढं एक मला त्याला देता आलं पाहिजे, बाकी तर काहीच हातात नव्हतं. शेवटी मामाला फोन लावला. मामा आता फार थकलाय, ऐकू कमी येतं, मला ओरडावं लागलं.

"अगं, ताईने ती भरली त्या दिवशी मी घरी आलो होतो," तो म्हणाला. "पहिली बाजू संपून गेलेली. रेकॉर्ड नुसती गरगर फिरत होती आणि ताई भिंतीला टेकून झोपली होती. मीच मशीन बंद केलं. पुढे काही नव्हतं त्यात."

मी फोन ठेवला आणि दादाच्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच. आयुष्यभरात तू एकच भांडं रिकामं परत दिलंस आणि ते तुझ्या पोराचं, हे मला गिळवेना. नंतर कधीतरी उठून भरली असशील, असं मी स्वतःला सांगत होते. पण तुझा तो हात मला आठवत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा श्वास बदललेला होता. डॉक्टरांनी वहिनीला आधीच सांगून ठेवलं होतं की असं झालं की समजा. वहिनी त्याच्या पायाला तेल लावत होती. त्याने माझ्याकडे पाहून फोनकडे पाहिलं. मी पहिली बाजू लावली, आणि ती संपली तिथे बंद केली. आता लावायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मामाचं बोलणं मी त्याला सांगणार नव्हते. मी कूलर बंद केला, खोलीत एकदम शांत झालं, आणि त्याच्या कानाशी वाकून मी गुणगुणायला लागले. काय गुणगुणले? जे आलं ते. थोडं छत्रीवालीसारखं, थोडं कशासारखंच नाही. संथ, गोड, मला येतं तेवढंच. माझा हात त्याच्या हाताखाली होता, आणि माझ्या मनगटावर त्याचं बोट हलायला लागलं. ठेका धरला त्याने. मला वाटलं, ओळखलं गं बाई, हेच होतं.

पण ते जुळत नव्हतं. माझं संथ चाललं होतं आणि त्याचं बोट भरभर, दोन पटपट आणि मग एक अडखळून. पुन्हा दोन पटपट, पुन्हा अडखळून. मी त्याच्यामागे जायचा प्रयत्न केला, जमेना. म्हणून मी गप्प झाले. मी गप्प झाले तरी बोट चालूच होतं. वहिनीने तेलाचा हात थांबवला. पुष्कळ वेळ चाललं ते. एका जागी ते मंद झालं, मग परत पहिल्यासारखं, जसं गाण्यात मधे होतं आणि मुखडा परत येतो. मग शेवटी सावकाश होत होत एक जोरात टिचकी, आणि बोट थांबलं. गाणं संपलं त्याचं. त्याने डोळे उघडून फोनकडे पाहिलं, लाव आता, म्हणून. मी दुसरी बाजू लावली.

"मिल गई?" वहिनीने विचारलं.

"हाँ," मी म्हटलं. "मिल गई."

दोन-तीन दिवसांनी तो गेला. सकाळची वेळ होती, मी वाटेतच होते.

म्हणजे मामाचं खरं नव्हतं. तू उठली होतीस. सुई परत ठेवली होतीस, डाव्या हाताने, आणि दोन पटपट आणि एक अडखळणारं असं काहीतरी तिखट त्या उरलेल्या फितीत भरलं होतंस. आणि ते त्याला पहिल्यापासून पाठ होतं. मीच वेडी, रोज त्याच्या कानात भलतंसलतं ओतत होते, आणि त्याला बहुतेक एवढंच हवं होतं की त्या जागी कुणीतरी मशीन थांबवावं आणि थोडा वेळ गप्प बसावं. मामा तेराव्याला आला तेव्हा मी त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, मामा, बाजू रिकामी नव्हती. तो म्हातारा तिथेच खांबाला धरून रडला.

तो ठेका माझ्याजवळ आहे. मी तो ओट्यावर वाजवते, कुकरच्या झाकणावर वाजवते. तुझ्या फळीवरच्या जेवढ्या रेकॉर्डी मला आठवतात त्या सगळ्या मोबाईलवर लावून बघितल्या, एकावरही तो बसत नाही. एखादी मला आठवत नसेल. एखादी अशी असेल जिच्या कव्हरवर काय होतं ते फक्त तुला आणि त्याला माहीत. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, आणि टाकलं तरी तू उत्तर देणार नाहीस, म्हणून घडी करून साखरेच्या डब्यामागे ठेवणार आहे.

एक राहिलंच. मागच्या आठवड्यात वहिनी म्हणाली, दीदी, वो वाली धुन एक बार और सुना दो, आईची साखर. तिने मराठीतच म्हटलं, साखर. मी तिला माझीच ती संथ, खोटी चाल गुणगुणून दाखवली. आता तिला ती पाठ झाली आहे. सकाळी चहा करताना म्हणते, डोळे पुसते आणि म्हणते की बरं झालं, एवढं तरी सापडलं. ती तुझी नाही हे मी तिला सांगितलेलं नाही.